देशी कोळशाचे गणित खाणीपासून बंकरपर्यंत मांडावे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

वीजटंचाई आणि कोळशाची आयात या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. देशात कोळशाचे एवढे प्रचंड साठे असताना आपण इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिकेकडून कोळसा का आणतो, असा त्यांतील बहुतेकांचा सवाल आहे. सवाल रास्त आहे. नोकरीची बहुतेक वर्षे औष्णिक वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात गेल्यामुळे या बाबतीत माझेही काही मत बनले आहे आणि ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. देशी कोळसा काढलाच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु नव्या खाणपट्ट्यांचे वाटप झाले की टंचाई मिटली, असे समजण्याची जी सवय राज्यकर्त्यांना आणि आपल्यालाही लागली आहे, ती मला धोक्याची वाटते. अलीकडच्या दोन्ही मोठ्या टंचाया खाण आणि बॉयलर यांच्या मधल्या टप्प्यांवर निर्माण झाल्या होत्या. ते टप्पे सुधारल्याखेरीज जमिनीखालचा कोळसा कितीही असला तरी उपयोगाचा नाही.

ऑक्टोबर 2021 आठवावा. देशातील औष्णिक केंद्रांकडे त्या वेळी सरासरी चार दिवस पुरेल एवढाच कोळसा उरला होता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने तेव्हा जी कारणे दिली त्यांत साठ्यांच्या कमतरतेचा उल्लेखही नव्हता. कोविडनंतर विजेची मागणी एकदम वाढली, सप्टेंबरमध्ये खाणक्षेत्रांत मुसळधार पाऊस झाला, आयात कोळशाचे भाव भडकले आणि केंद्रांनी पावसाळ्यापूर्वी पुरेसा साठा केला नव्हता, अशी ती कारणे होती. शिवाय काही राज्यांकडे कोळसा कंपन्यांची मोठी थकबाकी होती आणि त्या यादीत महाराष्ट्राचेही नाव होते. पुढे 2021-22 हे आर्थिक वर्ष देशी कोळशाच्या तोवरच्या उच्चांकी उत्पादनाने, म्हणजे सुमारे 77.8 कोटी टनांनी संपले. तरीही ते संपून महिना होत नाही तोच एप्रिल 2022 मध्ये पुन्हा तीच वेळ आली आणि कोळशाच्या गाड्यांना मार्ग मोकळा करून देण्यासाठी रेल्वेला प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. उच्चांकी उत्पादनाच्या पाठोपाठ टंचाई येते, याचा अर्थ दोष खणण्यापुरता मर्यादित नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

आपल्या खाणींतील बहुतांश कोळसा खुल्या खाणींतून निघतो. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत खाणीत पाणी साचते, डंपरचे रस्ते चिखलाने बंद होतात आणि उत्पादन उतरते. पाऊस ओसरल्यावर उकाडा आणि शेतीपंप दोन्ही वाढतात, तेव्हा मागणी चढते. हे दरवर्षी घडते आणि सर्वांना ठाऊक असते. ज्या घराने आगोटीपूर्वी बेगमी केली नाही, त्या घरात भर पावसात चूल पेटत नाही. वीज केंद्राचेही तसेच आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचे आहे. ते पूर्ण क्षमतेने चालवायचे तर दिवसाला चाळीस हजार टनांहून अधिक कोळसा लागतो, म्हणजे रेल्वेच्या दहाहून अधिक रेक (कोळशाने भरलेल्या अख्ख्या मालगाड्या). तेवढा कोळसा महिनाभराचा साठवून ठेवायचा तर त्यात फार मोठी रक्कम अडकते, आणि वितरण कंपनीकडून विजेचे पैसे वेळेवर न मिळालेल्या निर्मिती कंपनीकडे ती रक्कम नसते. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने साठ्याचे निकष कडक केले. वर्षातील महिन्यानुसार खाणीजवळच्या केंद्रांनी 12 ते 17 दिवसांचा आणि दूरच्या केंद्रांनी 20 ते 26 दिवसांचा कोळसा ठेवायचा आहे. निकष योग्य आहेत. मात्र त्यांसाठी लागणारे खेळते भांडवल कोठून यायचे, हा प्रश्न निकषांनी सुटत नाही. कृषिपंपांची थकबाकी, सरकारी अनुदानाचा विलंब आणि कोळशाचा ढीग या तिन्ही गोष्टी एकाच हिशेबात मोडतात, हे लोकप्रतिनिधींनी जाहीरपणे सांगायला हवे.

दुसरी गोष्ट कोळशाच्या प्रतीची. तिच्याविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण वर्तमानपत्रांत कोळशाचे फक्त टन मोजले जातात. गोंडवाना खडकांतील आपल्या कोळशात गंधक कमी असते, ही जमेची बाजू आहे. परंतु राखेचे प्रमाण सर्रास तीस ते पंचेचाळीस टक्के असते. 2012 पासून कोळशाचे मूल्य उष्मांकावर, म्हणजे जळताना मिळणाऱ्या उष्णतेवर, ठरते आणि त्याच्या सतरा श्रेणी आहेत. कागदावर एक श्रेणी असलेला कोळसा प्रत्यक्षात दोन श्रेणी खाली निघाला, तर तेवढ्याच विजेसाठी जास्त टन जाळावे लागतात, बॉयलरच्या नळ्या लवकर झिजतात, राखेचे बंधारे लवकर भरतात आणि ज्योत टिकवण्यासाठी महागडे तेल फवारावे लागते. पावसाळ्यात तर ओला, चिकट कोळसा बंकरच्या, म्हणजे बॉयलरसाठी कोळसा भरून ठेवणाऱ्या उंच टाकीच्या, तोंडाशी अडकून बसतो. बंकर वर भरलेला दिसतो आणि खाली कोळसा दळणाऱ्या मिलला कोळसा मिळत नाही. अशा वेळी पाळीतील कामगार लांब सळ्या घेऊन तो कोळसा मोकळा करत असतात आणि तिकडे वीजनिर्मिती संचाचा भार खाली येत असतो. कोळशाबरोबर आलेल्या दगडांनी कोळसा फोडणारा क्रशरही थांबतो. आकडेवारीत त्या दिवशी केंद्राकडे कोळसा असतो. वीज मात्र कमी निर्माण होते.

चाळीस टक्के राखेचा कोळसा भरलेल्या 59 वॅगनच्या रेकमध्ये 23-24 वॅगन राखच वाहून आणतात, आणि तिचेही भाडे वीज ग्राहकच भरतो. दूरच्या केंद्रांना 34 टक्क्यांपेक्षा कमी राखेचा कोळसा वापरणे 2014 च्या अधिसूचनेने टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले होते. मे 2020 मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. माझ्या मते तो निर्णय चुकला. राख कमी करण्यासाठी धुतलेला कोळसा महाग पडतो हे खरे, परंतु कोणत्या दर्जाच्या कोळशाला किती अंतरापर्यंत धुणे परवडते याचा उघड हिशेब मांडून नियम सुधारता आला असता.

आयात कमी करण्याची निकड मी कमी लेखत नाही. जानेवारी 2022 मध्ये इंडोनेशियाने स्वतःच्या वीज केंद्रांसाठी कोळशाची निर्यात एका घोषणेसरशी थांबवली होती. गुजरातेतील मुंद्रा येथील ज्या महाप्रकल्पातून महाराष्ट्र वीज घेतो, तो तर आयात कोळशावरच उभारला गेला, आणि भाव चढले की तेथील विजेचे दर व पुरवठा दोन्ही अडचणीत येतात. दुसऱ्याच्या खाणीवर आपले दिवे अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही. पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा आपल्याकडे पुरेसा नसल्याने तो आणावा लागेल. औष्णिक केंद्रांसाठीची आयात मात्र निश्चित कमी करता येईल. देशाचे वार्षिक उत्पादन 2024-25 मध्ये शंभर कोटी टनांच्या पुढे गेले आणि त्या वर्षी आयात काही प्रमाणात उतरली, हे स्वागतार्ह आहे.

नवा खाणपट्टा म्हणजे लगेच कोळसा नव्हे, हे महाराष्ट्राने स्वतः अनुभवले आहे. छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातील तमनार तालुक्यात गारे पेलमा सेक्टर दोन हा खाणपट्टा 2015 मध्ये महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीला मिळाला. वर्षाला 2.36 कोटी टन उत्पादनाची त्याची योजना असून तो कोळसा चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या संचांसाठी आहे. जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जनसुनावणीतील त्रुटींमुळे त्याची पर्यावरण मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी मंजुरी पुन्हा मिळाली आणि 2025 च्या जूनमध्ये गावकऱ्यांच्या विरोधातच तेथे वृक्षतोड सुरू झाली. यात दहा वर्षे गेली. खाणीची झळ बसणाऱ्या चौदा गावांतील माणसांचे म्हणणे सुरुवातीलाच नीट ऐकून घेतले असते, तर निदान काही वर्षे वाचली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिवाय तेथून निघणारा कोळसा नागपूरपर्यंत रेल्वेने पाचशेहून अधिक किलोमीटर यायचा आहे, तोही हावडा-नागपूर या आधीच गर्दीच्या मार्गाने. परळीला तर तेथून आणखी दूर जायचे. परळीचे केंद्र 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी पूर्ण बंद ठेवावे लागले होते. तेव्हा इतक्या लांबून आणलेला कोळसा कोठे जाळणे हिताचे, याचाही पुन्हा विचार व्हावा.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा ही रोजची बाब आहे. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) खाणींनी येथे रोजगार दिला, बाजारपेठ दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्याच खाणींच्या मातीचे डोंगर इरई आणि वर्धा नद्यांच्या काठांवर उभे आहेत आणि पूर आला की नदीकाठची वस्ती त्यांच्याकडे बोट दाखवते. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातील एक घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. त्या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. नवी खाण सुरू करण्याची घाई जेवढी दिसते, तेवढीच घाई संपलेली खाण भरून देण्याची दिसली असती तर प्रकल्पग्रस्तांचा विश्वास टिकला असता, आणि मग पुढच्या भूसंपादनाला पाच-सात वर्षे लागलीही नसती. ताडोबाला लागून असलेला ‘बंदर’ नावाचा खाणपट्टा 2020 मध्ये लिलावातून वगळण्यात आला, तो निर्णय योग्यच होता. तेवढ्याने देशात अंधार पडला नाही.

सौरऊर्जा असताना कोळशाची चर्चाच कशाला, असे काहींनी लिहिले आहे. दुपारची गरज सौरऊर्जा मोठ्या प्रमाणावर भागवू लागली आहे आणि तिचा वाटा वाढलाच पाहिजे. सूर्यास्तानंतरची मागणी मात्र अजून बरीच वर्षे कोळशावरच भागवावी लागेल. म्हणूनच आहे तो कोळसा नीट वापरण्याला महत्त्व आहे.

आपल्या दैनिकाने एक गोष्ट करावी, अशी विनंती आहे. दरवर्षी 1 जूनला राज्यातील प्रत्येक औष्णिक केंद्रात किती दिवसांचा कोळसा आहे, मागील वर्षी करारातील श्रेणी आणि प्रत्यक्ष तपासणीतील श्रेणी यांत किती तफावत पडली, मागणीच्या तुलनेत किती रेक मिळाले आणि कोळसा कंपन्यांची किती देणी थकली आहेत, ही माहिती राज्याच्या ऊर्जा विभागाकडून मागवून ती मराठीत छापावी. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी होते तेव्हा सामान्य ग्राहकाच्या हाती ही माहिती नसते, आणि म्हणून त्याला दराविषयी बोलता येते, कोळशाविषयी नाही.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
चंद्रपूर