मीटर न टाकणाऱ्या काकांस

काका, सा. न.

परवा नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर एका मुलीनं विचारलं, "ताई, लाँग रनला तुमच्यासोबत कोण असायचं?" म्हटलं, "एक रिक्षा." तिला ते खरं वाटेना, म्हणून हे पत्र.

पहाटे साडेचारला सीबीएस बसस्थानकाहून निघायचं. त्र्यंबक रोडनं सातपूर, महिरावणी, अंजनेरी आणि परत. सातपूर सुटलं की अंधार, कुत्री, ट्रकवाल्यांच्या शिट्ट्या. तुमचा हेडलाइट मागून पडला की माझी सावली पुढं लांबच लांब पसरायची. तिला गाठायचं, एवढंच काम. "निघालो तिथंच परत यायचं, तर पळायचं कशाला?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

सावरपाड्याच्या कविताताई राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा मी आठवीत होते. २०१६ मध्ये त्यांनी गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेची मॅरेथॉन जिंकली आणि मीही ट्रॅक सोडून रस्त्यावर आले. पण ४२.१९५ किलोमीटर म्हणजे काय, हे ३२ व्या किलोमीटरला कळलं. वेळ वाचवायला मी पाण्याची टेबलं सोडत गेले होते. अंगातली साखर संपली आणि पायांचे दगड झाले. तुम्ही ऐकून एवढंच म्हणालात, "टाकीत पेट्रोल नसल्यावर किक मारून काय उपयोग?"

त्यानंतरच्या रविवारपासून दर ५ किलोमीटरला रिक्षा शेजारी यायची आणि लिंबू-मीठ-साखरेची बाटली पुढं व्हायची. नको म्हटलं की हॉर्न. पळता पळता प्यायची सवय त्या हॉर्ननं लावली. पुढच्या शर्यतीत शेवटच्या ७ किलोमीटरमध्ये मी चौघींना मागं टाकलं.

बक्षिसाचा चेक सात महिने रखडला, त्या साली बुटांचे तळ गेले होते. तुम्ही काकूंच्या भिशीचे पैसे दिलेत. परत आणले तेव्हा तुम्ही मोजलेही नाहीत. काकूंनी मोजले, बरं झालं. शंभर कमी निघाले. भाड्याचं मात्र कधी काही बोलू दिलं नाहीत. (नाशकात मीटर टाकतंच कोण म्हणा!)

आता गुडघ्यामुळं माझं धावणं थांबलंय, मुलींना शिकवते. रविवारी दोघींना त्र्यंबक रोडला न्यायचंय. साडेचार, सीबीएस. बाटल्या मी भरते. या वेळी पेट्रोलचे पैसे घ्यावेच लागतील. काकूंशी बोलून ठेवलंय.

तुमची,
पळणारी पोर