शेकाट्या उडवायला दगड कशाला?

मा. संपादक,
कळंबा तलावावर सकाळी शेकाट्यांचे (लांब पायांचे पाणपक्षी) फोटो काढायला पोरं येतात, चांगलंच आहे, पण फ्लाइट शॉट, म्हणजे उडतानाचा फोटो, पाहिजे म्हणून थव्यावर दगड मारायचा हे कुठलं शहाणपण? आम्ही अजून फिल्मच्या रोलवर काढतो, 36 फोटो संपले की संपले (रोलची किंमत विचारूच नका), तरी दगड लागत नाही. वारा पाठीवर घेऊन बसायचं, पाखरू वाऱ्याला तोंड करून उडतं म्हणजे आपल्याकडंच येतंय की! 400 आयएसओचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल, शटर 1/1000 सेकंद, फोकस आधीच लावून ठेवायचा, ते लांब गुलाबी पाय शेपटीमागं सरळ झाले की बटण दाबायचं. आभाळ पांढरं असलं तर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट आत घ्या, नाहीतर पक्षी नुसता काळा येतो. आणि साहेब, तुम्हीपण असले फोटो छापताना कसा काढला ते जरा विचारत जावा.

एक वाचक, कोल्हापूर