सोमवारचे दोन तास आमच्या गावालाही द्या

माननीय ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

मी भोर तालुक्यातली. आमचं गाव नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. खाली गावठाण, वर डोंगराला तीन वाड्या, सगळ्यांची मिळून एक ग्रुप ग्रामपंचायत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला कोणा एका माणसाला चव्हाट्यावर आणायचं नाही. दोन वर्षांत मी जे अर्ज केले त्या सगळ्यांवर आवक क्रमांक पडला, शिक्का पडला, आणि ते तिथेच राहिले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. पुणे महापालिकेने सोमवारी कागद खुले केले, तसं आठवड्यातून दोन तास ग्रामपंचायतीचं दप्तर टेबलावर मांडून ठेवा. गावातल्या कोणीही यावं, वही उघडावी, वाचावी. अर्ज नको, कारण नको.

माझे सासरे २०१९ साली गेले. घराच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, त्यांचंच नाव राहिलं. सासूबाईंचं नाव लागावं म्हणून मृत्यूचा दाखला जोडला, वारसांचं प्रतिज्ञापत्र केलं, घरपट्टीची थकबाकी भरून पावती घेतली. आधी ऐकलं, "मासिक सभेत ठेवू." मग, "ठराव झालाय." मग, "ठराव झालाय, पण प्रोसिडिंग सापडत नाही." तेवढ्यात बदली झाली आणि नवे भाऊसाहेब आले. (भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक; पदाचं नाव २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) ते म्हणाले, "ताई, मला मागच्यांनी दप्तराचा चार्जच पूर्ण दिला नाही."

हे वाक्य मी पुढे शेजारच्या दोन गावांतल्या बायकांकडूनही ऐकलं, जवळजवळ याच शब्दांत.

शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कायदा तीस दिवस म्हणतो. एक्केचाळिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, "मागणी केलेली माहिती अभिलेखात आढळून येत नाही." मी पंचायत समितीत पहिलं अपील केलं. तिथल्या साहेबांनी मात्र माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दप्तर प्रत्यक्ष दाखवण्याचा आदेश दिला. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते इथे मानते.

मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि एक पत्र्याची ट्रंक. कपाटाच्या खालच्या कप्प्यापर्यंत पावसाचं पाणी आलेलं. रोकडवहीची पानं एकमेकांना चिकटली होती, शिपाईदादांनी लाकडी पट्टी घालून ती हळूहळू सोडवली. मला हवा होता तो ठराव काही मिळाला नाही. पण ट्रंकेत ग्रामसभेची हजेरी वही मिळाली. १५ ऑगस्ट २०२२ चं पान उघडलं. नावांच्या रांगेत सासूबाईंचं नाव होतं आणि पुढे निळ्या शाईचा अंगठा.

त्या महिन्यात सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि त्या पुण्यात धाकट्या दिरांकडे होत्या. आणखी एक गोष्ट मला त्या पानासमोर बसल्या बसल्या आठवली. सासूबाई अंगठा देत नाहीत. तरुणपणी रात्रीच्या साक्षरता वर्गाला कंदील घेऊन जायच्या, तिथे सही शिकल्या. अक्षर वाकडं येतं, वेलांटी नेहमी दुसऱ्याच अक्षरावर पडते, पण तेव्हापासून कागदावर त्या सहीच करतात. पोस्टातसुद्धा कोणी शाईचं पॅड पुढे केलं तर हाताने बाजूला सारतात.

पुढच्या पानावर सह्या होत्या आणि वरचा भाग कोरा होता. सह्या आधी गोळा झाल्या होत्या, ठराव लिहायचे राहिले होते.

साहेब, सगळा दोष एका माणसावर टाकणं मला पटत नाही. आमच्या भाऊसाहेबांकडे दोन ग्रामपंचायती आहेत. घरकुलाचे फोटो, वसुली, जन्ममृत्यूची नोंद, आणि वरून रोज नवा ऑनलाइन तक्ता. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यात जो आकडा कमी असेल तेवढे लागतात, आणि भात लावणीत ऑगस्टची सभा भरत नाही हेही खरं. पण वही जर दर आठवड्याला लोकांच्या नजरेखालून गेली असती, तर त्या पानावर अंगठा उमटवायची कोणाची हिंमत झाली असती का?

माहितीचा कायदा आहे की, असं मला बरेच जण म्हणाले. आहे, आणि तो मोलाचा आहे. १२ ऑक्टोबर २००५ ला तो लागू झाला तेव्हा देशातला पहिला अर्ज आपल्या पुण्यातच, एका पोलीस ठाण्यात पडला. पण ज्या गावात सत्तर उंबरे आहेत तिथे अर्जावरचं नाव संध्याकाळपर्यंत प्रत्येक चुलीपर्यंत पोचतं. कायद्याचं कलम ६(२) सांगतं की अर्जदाराला कारण विचारायचं नाही. गाव विचारतं. "कशाला पाहिजे गं तुला? कोणाच्या सांगण्यावरून?" सरपंच आमच्या भावकीतले. ज्यांच्या काळातलं दप्तर मी मागितलं त्यांच्या घरातलं हळदीकुंकवाचं बोलावणं त्या वर्षी मला आलं नाही. माझ्या मागे नवरा, दीर उभे राहिले म्हणून मी टिकले. एकट्या बाईने हा अर्ज केला असता का? आणि यापुढची टोकंही आपल्या जिल्ह्याने पाहिली आहेत. तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१० ला खून झाला. जमिनींचे कागद मागणारे ते माहिती अधिकार कार्यकर्ते होते.

म्हणून मी अर्जाशिवायच्या वाटेचं बोलते आहे, आणि ती वाट पुण्यातच पडलेली आहे. २००९ साली महेश झगडे महापालिका आयुक्त असताना तिथे दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कागदपत्रं नागरिकांना पाहायला खुली झाली. पुढे पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला आणि २६ नोव्हेंबर २०१८ ला शासनाने जिल्हास्तरावरच्या कार्यालयांना आणि महापालिकांना तेच करायला सांगितलं. शहरातल्या माणसाला सोमवार मिळाला. आमच्यासारखीला आपल्याच गावातल्या गटाराचा हिशेब बघायला जिल्ह्याला जायचं तर एसटीने पहाटे निघावं लागतं आणि एका दिवसाची मजुरी बुडते. वही मात्र आमच्या घरापासून दोनशे पावलांवर, कुलपात.

माहितीच्या कायद्याचं कलम ४ वाचलं तर यात नवं काहीच नाही. अभिलेख सूचीबद्ध करून ठेवा आणि सतरा बाबी स्वतःहून जाहीर करा, तेही कायदा झाल्यापासून १२० दिवसांत, असं त्यात लिहिलं आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्यातला फक्त माहिती अधिकाऱ्याच्या नावाचा फलक आहे, आणि त्यावर अजून आधीच्या भाऊसाहेबांचं नाव आहे.

ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर सगळं दिसतं, असंही सांगितलं जातं. मी मुलीकडून मोबाइलवर उघडून घेतलं. योजनेवर किती खर्च झाला ते कळतं. पण कोणत्या सभेत कोण हजर होतं, ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, रस्ता कितीने मोजला, माझ्या सासूबाईंचा ठराव झाला की नाही, हे तिथे नाही. ते वहीतच आहे.

पुण्यात कौन्सिल हॉलजवळ पेशवे दप्तर आहे. १८९१ च्या दगडी इमारतीत, हजारो रुमालांत बांधलेलं. अडीचशे वर्षांपूर्वी कोणत्या गावातून किती वसूल आला ते तिथे आजही मोडीत वाचता येतं. आमच्या गावाची चार वर्षांपूर्वीची वही ओल लागून फाटते आहे. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यात दप्तर गहाळ करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मला कोणाला कैद झालेली बघायची नाही. मला कोरडं कपाट हवं आहे.

तर आपण एक आदेश काढावा. भाऊसाहेब ज्या दिवशी आमच्या गावात असतात तो वार फलकावर लिहावा आणि त्या दिवशीचे दोन तास खुले ठेवावेत. टेबलावर रोकडवही, मासिक सभेचं आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग, हजेरी वही, नमुना आठ आणि नऊ, आणि झालेल्या कामांची एमबी, म्हणजे मोजमाप वही, असावी. मोबाइलवर फोटो काढू द्यावा. ग्रामसभेचे ठराव लोक उठायच्या आत वाचून दाखवावेत, मगच सह्या घ्याव्यात. आणि बदली होईल तेव्हा चार्जमध्ये कोणती वही दिली, कोणती नाही, याची यादी भिंतीवर लावावी. माझ्या मते यातलं सगळ्यात जास्त काम ही यादीच करील, कारण "चार्ज दिला नाही" हे उत्तर त्या दिवशी बंद होईल.

एक काळजी वेगळी सांगते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहितीच्या कायद्यातलं ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम, बदललं आहे. उद्या घरकुलाची यादी किंवा हजेरीचं पान मागितलं तर "वैयक्तिक माहिती" म्हणून परत पाठवलं जाईल अशी मला भीती वाटते. जी यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायची असते ती वहीत गुपित होऊ शकत नाही. आपल्या आदेशात हे एक वाक्य स्पष्ट असू द्या.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं त्या रात्री त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझा अंगठा कोणी केला?" नमुना आठचं त्यांनी विचारलंच नाही. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. ते पान त्यांना स्वतः बघायचं आहे, आणि शेजारी आपली सही करून दाखवायची आहे. त्यासाठी त्यांच्या नावाने नवा अर्ज करावा लागेल, असं मला परवाच कार्यालयात सांगण्यात आलं.

कळावे,
आपली,
ग्रामसभेची एक सदस्य
तालुका भोर, जिल्हा पुणे