शेळ्यांचं पुस्तक

ती. आई व आबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आबांनी विचारलं, "तिकडं जुन्या पुस्तकात दिवसभर बघतीस तरी काय?" मी म्हटलं, शेळ्या. तुम्ही दोघं हसलात आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून सविस्तर लिहिते. सोबत काही चित्रांच्या प्रती ठेवल्यात, त्या बघत बघत वाचा.

इथं स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन विद्यापीठात प्राण्यांचं एक हस्तलिखित आहे, साधारण १२०० सालचं. आई, ज्ञानेश्वरी लिहून झाली त्याच्याही नव्वदेक वर्षं आधी इंग्लंडात कुणीतरी ते हाताने लिहिलं, रंगवलं, त्यावर सोन्याचा वर्ख चढवला. पुढे ते इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाकडे गेलं. राजाच्या पुस्तकांच्या १५४२ च्या यादीत त्याची नोंद सापडते. अशा पुस्तकांना इकडे बेस्टिअरी म्हणतात. एकेक जनावर घ्यायचं, त्याचं चित्र काढायचं, स्वभाव सांगायचा आणि शेवटी त्यातून धर्माचा अर्थ काढायचा.

वरचं चित्र आयबेक्सचं, म्हणजे उंच डोंगरातल्या रानबोकडाचं. तो खाली डोकं करून कड्यावरून पडतोय. पुस्तक म्हणतं, त्याची शिंगं इतकी बळकट की कितीही उंचावरून पडला तरी सगळा भार शिंगांवर घेतो आणि सहीसलामत उठतो. ती दोन शिंगं म्हणजे बायबलचे जुना आणि नवा करार. त्यांचा आधार असलेल्या ज्ञानी माणसाला कुठलंही संकट झेलता येतं. आबा म्हणतील, मान मोडून जागीच मरेल की! मरेलच. पण आयबेक्स इंग्लंडात नसतोच. चित्रकाराने तो बघितला असण्याची शक्यता फार कमी. त्याच्यासमोर होतं आधीचं एखादं पुस्तक, आणि त्या पुस्तकासमोर त्याच्या आधीचं. या सगळ्याचं मूळ इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या एका ग्रीक पुस्तकात आहे.

नक्कल कशी करायचे तेही दिसतं. या हस्तलिखितातल्या काही चित्रांच्या कडेने सुईची बारीक भोकं आहेत. चित्राखाली दुसरं पान ठेवायचं, वरून कोळशाची पूड फिरवायची, की ठिपके खाली उमटतात. आई, तू दिवाळीला भोकं पाडलेल्या कागदावरून रांगोळी काढतेस, अगदी तस्संच. त्यामुळे एकदा चूक झाली की ती शेकडो वर्षं पुढे चालत राहायची.

दुसरं चित्र आधी आईला दाखवा. याचं नाव बोनाकॉन. अंग बैलासारखं, पण शिंगं आत वळलेली, त्यामुळे मारायला निरुपयोगी. मग हा पळता पळता मागून शेण फेकतो. ते तीन एकरांवर पसरतं आणि ज्याला लागेल त्याला भाजतं! मागचा शिकारी ढाल पुढे धरून उभा आहे बघा. ही गोष्ट प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहिली होती. सोन्याचा वर्ख लावून कुणी हे चित्र काढलं असेल, या विचाराने मला अजून हसू येतं.

शेळीपाशी आलं की मात्र सूर बदलतो. शेळी तर तिथे ओळखीची होती. ती उंचावर चढते, झाडपाला ओरबाडते, नजरेने तीक्ष्ण असते, आणि लांबून येणारा माणूस शिकारी की वाटसरू हे तिला आधीच कळतं, असं पुस्तक सांगतं. हे वाचून मला आपला गोठाच आठवला. गल्लीतलं कुणी आलं तर शेळ्या रवंथ करत बसून राहतात. व्यापारी नुसता फाटकाशी आला तरी सगळ्या उठून कोपऱ्यात. आबा, हे तुम्ही किती वेळा बोलून दाखवलंय! या पुस्तकांतल्या शेळीचा अर्थही चांगला लावलाय. उंच डोंगर आवडणारी शेळी म्हणजे ख्रिस्त, सगळं लांबून ओळखणारा.

बोकडाचं नशीब वेगळं. तो वासनेचा पुतळा, त्याची नजर तिरकी, आणि रक्त इतकं गरम की त्यात हिरासुद्धा विरघळतो म्हणे. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर यानेही हे लिहून ठेवलंय. एकाच घरातली शेळी देव आणि बोकड पापी, हे मला काही पटत नाही. पण पावसाळ्यात माजावर आलेल्या बोकडाच्या वासाने आई कशी दार लावून घ्यायची ते आठवलं, की लिहिणाऱ्याने बोकड जवळून पाहिला होता एवढं नक्की वाटतं.

आणि ज्यावर हे लिहिलंय तेही कातडंच. इंग्लंडात जास्त करून वासराचं नाहीतर मेंढीचं, इटलीत बकरीचं. चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस काढायचे, चौकटीत ताणून बांधायचं आणि चंद्रकोरीसारख्या सुरीने खरवडत वाळवायचं. किडा चावलेली जागा ताणल्यावर फाकून भोक पडायचं. पान टाकून देणं परवडणारं नव्हतं, म्हणून लिहिणारा त्या भोकाला वळसा घालून पुढे लिहायचा. केसांची बाजू पिवळसर राहते, मांसाची पांढरी. आबा, तुमच्या हातात दिलं तर डोळे मिटून बाजू सांगाल.

एक काम करा. शेळीची चित्रं मुद्दाम वेगवेगळ्या पुस्तकांतली पाठवलीत. शिंगं, कास, पाय नीट बघा आणि यातल्या कुणी खरंच शेळ्या राखल्या असतील ते मला सांगा. इथल्या लोकांना मी सांगून ठेवलंय की माझे वडील बघून मत देणार आहेत. आबा, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, आणि शेळीची चित्रं मत देण्यासाठी बारकाईने बघायची ती त्याआधी नाही, नंतरच.

तुमची,
मंगल