बाळाच्या कार्डावर ‘के’ची नोंद हवी

महोदय,

प्रसूतिकक्षात मी बरीच वर्षे परिचारिका होते. नवजात बाळाच्या मांडीत व्हिटॅमिन ‘के’चे इंजेक्शन देताना ‘आल्या आल्या सुई कशाला?’ हा प्रश्न ठरलेला असे. परवा नात्यातल्या एका जोडप्यानेही तोच विचारला, म्हणून हे पत्र.

ही लस नव्हे. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, पण ‘के’ जीवनसत्त्वाशिवाय ते कामाला येत नाहीत. (नावातला ‘के’सुद्धा रक्त गोठण्यासाठीच्या ‘कोआगुलेशन’ या शब्दातून आला, या जीवनसत्त्वाच्या शोधासाठी हेन्रिक डाम यांना १९४३ चे नोबेल मिळाले.) वारेतून ते बाळाकडे अगदी थोडे जाते आणि आईच्या दुधातही कमीच असते. आईने रोज पालेभाजी खाल्ली तरी ही तूट भरत नाही. त्यात तिचा काही दोष नाही, अंगावरचे दूध बंद करायचे तर मुळीच कारण नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन पुरते. तोंडावाटे द्यायचे तर डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात आणि पुढचे डोस हमखास चुकतात.

‘के’ कमी पडले तर रक्तस्राव पहिल्याच आठवड्यात होऊ शकतो. पण मला धास्ती असते ती त्यानंतरची, सहा महिन्यांपर्यंतची. बाळ छान दूध पीत असते आणि अचानक मेंदूत रक्तस्राव होतो. कधी कधी आधी इशारा मिळतो: नाकातून रक्ताचा थेंब, नाळेच्या जागी ओल, कारण नसताना काळानिळा डाग. ‘नख लागले असेल’ म्हणून घरचे ते पुसून टाकतात. तसे करू नये, बाळाला त्याच दिवशी दाखवावे. लांबलेली कावीळ आणि पांढरट शी यांकडेही दुर्लक्ष नको, कारण पित्त आतड्यात उतरले नाही तर ‘के’ शोषले जात नाही.

या इंजेक्शनाने कर्करोग होतो, ही शंका १९९० नंतर ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने उभी केली होती. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही, पण शंका मात्र अजून फिरते आहे.

माझी मागणी साधी आहे. तातडीच्या वेळी डॉक्टर ‘के दिले होते का?’ विचारतात तेव्हा पालक ‘हो, इंजेक्शन दिले होते’ म्हणतात, आणि ते बऱ्याचदा हिपॅटायटिस-बीच्या लशीचे असते. बाळाच्या कार्डावर ‘के’साठी वेगळा रकाना असावा, त्यात तारीख, मात्रा आणि देणाऱ्याची सही असावी. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या तपासणीलाच हा रकाना पाहावा.

— एक निवृत्त परिचारिका