पेद्रो आर्मेंदारिस यांचे चित्रपट मराठवाड्यात दाखवावेत

महोदय,

मेक्सिकन चित्रपटसृष्टीच्या सुवर्णकाळातील अभिनेते पेद्रो आर्मेंदारिस (१९१२-१९६३) यांचे निवडक चित्रपट अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवावेत, अशी आयोजकांना कळकळीची विनंती आहे. एमिलिओ फर्नांदेस दिग्दर्शित आणि १९४६ च्या कान महोत्सवात गौरवलेल्या 'मारिया कांदेलारिया'मध्ये त्यांनी साकारलेला आदिवासी तरुण, दुकानदाराच्या देण्याखाली दबलेल्या आणि हिवतापाने फणफणलेल्या आपल्या नियोजित वधूसाठी क्विनाईन चोरतो व तुरुंगात जातो. सावकारीचे चटके सोसलेल्या मराठवाड्यातील प्रेक्षकाला त्या तरुणाची घुसमट समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे त्यांनी जॉन फोर्ड यांच्या 'फोर्ट अपाची'सारख्या हॉलिवूडपटांतही काम केले. आपल्याकडे मात्र त्यांची ओळख, असलीच तर, १९६३ च्या बाँडपटातील केरीम बे एवढीच आहे आणि ती मला अपुरी वाटते. अर्थात कर्करोगाने जर्जर झालेले असताना, कुटुंबाच्या तरतुदीसाठी त्यांनी ती भूमिका पूर्ण केली, हे विसरता येत नाही.

चित्रपटांना मराठी उपशीर्षके दिल्यास परभणी, हिंगोलीहून येणाऱ्या रसिकांचीही सोय होईल.

— एक चित्रपटप्रेमी वाचक, परभणी