निर्लेखनाच्या ठरावाआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून मिळते. त्यामुळे शाळा, ग्रंथालये, पतसंस्था, सोसायट्यांची कार्यालये जुन्या संगणकांचे निर्लेखन करून ते भंगारात काढायच्या तयारीत आहेत. यातली बरीच यंत्रे लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर आणखी काही वर्षे व्यवस्थित चालतील. जिथे लिनक्सचा प्रयोग फसतो तिथे दोष बहुतेकदा संगणकाचा नसतो. काम अडते ते प्रिंटर आणि मराठी फॉन्टपाशी, आणि नेमक्या याच दोन गोष्टी सगळ्यात शेवटी तपासल्या जातात.

आधी प्रोसेसर पाहा. 'आय५-७२००यू' मध्ये डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम २.० ही सुरक्षा चिप चालू करता येत असेल, तर विंडोज ११ अधिकृतपणे बसते. लिनक्सची सक्ती नाही. मोजके अपवाद सोडता सातवी पिढी आणि त्याआधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. पुढचे सारे त्यांच्यासाठी.

असे यंत्र रखडते ते बहुधा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घालावी. कार्यालयीन कामाला २५० जीबीच्या आसपासची पुरते. एसएसडी ७ मिमी जाडीची असते आणि कित्येक जुन्या लॅपटॉपांतली जागा साडेनऊ मिमीची. मध्ये प्लास्टिकची चौकट घातली नाही तर ती कनेक्टरमध्ये सैल बसते आणि अधूनमधून दिसेनाशी होते. लोक मग एसएसडीलाच दोष देतात. रॅम निदान ४ जीबी हवी, ८ असेल तर ब्राउझर सुखाने चालतो. चौथ्या-पाचव्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपांना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ त्याच खाचेत बसते, पण पडदा काळाच राहतो. म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा की पुण्यात तपकीर गल्लीत, रॅमच्या स्टिकरवर 'पीसी३एल' छापले आहे ना, हे पाहूनच पैसे द्या.

काढलेली डिस्क पुसू नका. नाव घालून कपाटात ठेवा. काही बिनसले तर तीच परत लावता येते. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी नांदवण्याचा सल्ला मी कार्यालयांना देणार नाही. एक प्रणाली घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, दुसरी जागतिक. मग वेळ साडेपाच तास मागेपुढे होते आणि दर आठवड्याला कोणीतरी तक्रार घेऊन येते.

लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी नवख्यांसाठी लिनक्स मिंट. सध्याच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अद्यतने आहेत. ४ जीबी रॅमवर तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, ८ वर सिनॅमन. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन रुफस किंवा एचर या प्रोग्रामने ती त्याच्यावर लिहावी. त्याआधी फाइल पूर्ण उतरली का हे तपासायचा, मिंटच्या संकेतस्थळावरचा एसएचए२५६ आकडा जुळवून पाहावा. अर्धवट उतरलेली फाइल मध्येच दगा देते आणि मग संशय नसत्या गोष्टींवर जातो. संगणक सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप दाबले की पेनड्राइव्ह निवडता येतो. एसरवर एफ१२ चा मेनू अनेकदा आधी बायोसमधून चालू करावा लागतो.

आता महत्त्वाचे. 'इन्स्टॉल' वर लगेच क्लिक करू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालते; निदान तासभर तसेच वापरा. वायफाय दिसत नसेल तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची असते. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचे नेट संगणकाला देणे) चालू करा, नेट मिळेल, आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' मधून तिचा ड्रायव्हर घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटाची सेटिंग 'आरएसटी' किंवा 'रेड' वर आहे का पाहा, ती 'एएचसीआय' करा. हा बदल विंडोजची डिस्क आत असताना मात्र करू नका. विंडोज सुरू होईनासे होते किंवा बिटलॉकर या डिस्ककुलपाची किल्ली मागत बसते.

मग कार्यालयातला प्रिंटर जोडा आणि मराठी मजकुराचे एक पान खरोखर छापा. आपल्याकडे ठायी ठायी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या खास ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो नीट बसवणे हे हौशी माणसाच्याही सहनशीलतेची परीक्षा पाहणारे काम आहे. कार्यालयाने त्या वाटेला जाऊ नये. एक पीसी विंडोजवर ठेवून छपाई तिथून करावी. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण दर वेळी चालू केल्यावर त्याला संगणकाकडून फर्मवेअर द्यावे लागते. त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचे प्लगइन एकदा नेटवरून उतरवावे लागते. ते नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवले जाते आणि कागद काही बाहेर येत नाही.

फॉन्टची गोष्ट याहून किचकट. श्रीलिपी, सुरेख, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण आत खरोखरच रोमन चिन्हे साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. परवाना असलेला फॉन्ट बसवला की जुनी पत्रे वाचता-छापता येतात. टंकायचा कळफलक मात्र बहुधा विंडोजच्या सॉफ्टवेअरचा असतो, तो येत नाही. म्हणून चालू फाइली युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणणे भाग आहे. रूपांतर करणारी साधने पहिली वेलांटी आणि रफार इथे हमखास अडखळतात. जुन्या फॉन्टमध्ये चिन्हे दिसतात त्या क्रमाने असतात: 'कि' मध्ये वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. रफाराचे नेमके उलटे. शिवाय मजकुरात मध्येच आलेल्या इंग्रजी शब्दांचेही देवनागरी भजे होते. तेव्हा आधी मूळ फाइलीची प्रत काढा, रूपांतर करा आणि नावे व रकमा डोळ्यांनी तपासा. नवीन टंकनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट मांडणी जोडता येते. उच्चारानुसार टंकायची सवय असेल तर 'इनपुट मेथड' मधून आयबस हे टंकनाचे साधन आणि त्याचे एम१७एन बसवा.

हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्यांनी आणि डिजिटल सहीचे टोकन लागणाऱ्यांनी ते टेबल विंडोजवरच ठेवावे. सगळे एका प्रणालीवर आणायचा हट्ट कशाला?

निर्लेखनाच्या प्रस्तावात यंत्राचे खरेदीवर्ष असते, तसे प्रोसेसरची पिढी, रॅम आणि डिस्कचा प्रकार असे तीन रकानेही शाळा-ग्रंथालयांनी घालावेत, ही विनंती. आणि पुढचा प्रिंटर घेताना खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' ची खूण आहे का ते पाहावे. तसा प्रिंटर नेटवर्कवर जोडला की मिंटला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे